रापणीचा दोर आणि आरोग्याचा जागतिक आराखडा



मालवणच्या किनाऱ्याला व्यायाम या शब्दाची गरज पूर्वी फारशी भासली नाही. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडायचे, त्याची दोन्ही टोके वाळूवर आणायची आणि सारा मेळ मिळून ते ओढायचे, ही रापण. दोराला हात लावणाऱ्यास मासळीचा वाटा मिळे. यंत्रनौका आणि पर्ससीन जाळी आली, रापणी ओसरल्या. डोक्यावरची पाटी टेम्पोत गेली, शाळेची वाट दुचाकीने आखूड केली. कष्ट उणावले याचा शोक करण्याचे कारण नाही. कष्टांचे गोडवे बहुधा ते न उपसणारेच गातात. परंतु देहाची हालचाल गेली आणि तिच्या जागी दुसरे काही आले नाही, ही गोष्ट चिंतेची आहे.

चिंता किती खरी, हे तेरेखोल नदीपलीकडे पाहिले की समजते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले : २६.४ टक्के. आहार तोच, समुद्रही तोच. सुबत्ता मात्र तेथे थोडी आधी पोहोचली. सिंधुदुर्ग त्याच वाटेवर आहे. देशात मधुमेही सुमारे १०.१ कोटी असल्याचा अंदाज याच पाहणीने दिला.

हा प्रश्न एकट्या भारताचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आहार व शारीरिक हालचालींविषयीचे धोरण २००४ साली स्वीकारले. २०१८ मध्ये तिच्या सभेने कृती आराखडा संमत केला आणि निष्क्रियता २०३० पर्यंत १५ टक्क्यांनी घटविण्याचे ध्येय ठेवले. प्रत्यक्षात काय घडले? २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार पुरेशी हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० साली सुमारे २२ टक्के होते, ते २०२२ मध्ये सुमारे ४९ टक्क्यांवर गेले. स्त्रियांमध्ये तर ते ५७ टक्के आहे.

श्रीमंत राष्ट्रांत हालचाल हा फुरसतीचा विषय झाला. उदयोन्मुख देशांत ती अजून पोटापाण्याशी जोडलेली आहे. म्हणूनच संघटनेची मोजणीची प्रश्नावली काम, प्रवास आणि फुरसत या तिन्हींची विचारणा करते. हा बारकावा स्तुत्य आहे. तरीही दोर ओढून पाठ मोडलेल्या कोळ्याला ‘पुरेसा सक्रिय’ ठरविले, म्हणजे तो निरोगी झाला असे नव्हे. जड अंगमेहनतीचा लाभ हृदयाला मोकळ्या व्यायामाइतका होत नाही, असे डेन्मार्कमधील संशोधकांनीही दाखविले आहे.

सहकार्याचा अर्थ केवळ घेणे असा महाराष्ट्राने कधीच मानला नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघाले. त्यांचे पुत्र अप्पा पंत राजदूत म्हणून देशोदेशी वावरले आणि त्यांनीही या व्यायामावर लिहिले. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून आले. या उपक्रमांमागे मोठा सरकारी निधी नव्हता, शिकविण्याची हौस होती. २०१४ साली संयुक्त राष्ट्रांत योगदिनाच्या ठरावाला १७७ देश सहप्रस्तावक लाभले, त्यामागे अशा पूर्वतयारीचेही पुण्य आहे.

योगदिन अवश्य व्हावा. पण २१ जूनला कोकणात पावसाची झड असते. त्या दिवशी सभागृहात अंथरलेल्या सतरंज्या दुसऱ्या दिवशी गुंडाळल्या जातात आणि वर्षाचे उरलेले दिवस तसेच राहतात. जागतिक आराखडा सुरक्षित पायवाटा, सायकलीचे रस्ते, शाळांतील खेळ आणि मोकळ्या सार्वजनिक जागा मागतो. मालवणसाठी त्याचे भाषांतर सोपे आहे : भरधाव पर्यटक गाड्यांपासून वेगळी अशी चालण्याची पट्टी, शाळेला मैदान, आणि हॉटेलांच्या कुंपणांनी अडविला न जाणारा किनारा.

याहून कठीण काम स्त्रियांच्या वेळेचे आहे. चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात, परगावचे जलतरणपटू उतरतात. मासळी विकून, चूल सांभाळून थकलेल्या येथल्या बाईला मात्र त्याच पाण्यात अर्धा तास पोहण्याची मुभा आणि सोबत कोण देणार, हे जिनिव्हात ठरणार नाही. ते मालवणातल्या घराघरांत, संध्याकाळच्या कामांची वाटणी करताना ठरायचे आहे.