अंतर्वेशन : कोष्टकापासून अनंतमितीय अवकाशापर्यंत



लॉगॅरिथमची कोष्टके ज्यांनी शाळेत हाताळली आहेत, त्यांना अंतर्वेशनाची क्रिया नावाने नसली तरी कृतीने परिचित आहे. हवी असलेली संख्या कोष्टकातील दोन संख्यांच्या मध्ये आली, की फरकाचा प्रमाणशीर भाग घेऊन आपण मधले मूल्य काढतो. ही विद्या आपल्या देशाला नवी नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. 665 मध्ये रचलेल्या 'खंडखाद्यक' ग्रंथाच्या परंपरेत ज्या-कोष्टकातील मधली मूल्ये काढण्याची त्याची रीत प्रसिद्ध आहे. तीत पहिल्या फरकांबरोबर दुसऱ्या फरकांचाही उपयोग केलेला आढळतो.

ज्ञात माहितीशी तंतोतंत जुळणारा नियम शोधणे, हा अंतर्वेशनाचा गाभा होय. कसलाही नियम चालत असेल, तर हे काम फारसे अवघड नसते. नियमाने विशिष्ट शिस्त पाळलीच पाहिजे, अशी अट घातली की खरी कसोटी सुरू होते. जॉर्ज पिक यांनी 1916 मध्ये आणि रोल्फ नेव्हानलिना यांनी 1919 मध्ये मर्यादित आकाराच्या विश्लेषी फलनांसाठी हा प्रश्न अभ्यासला. पुढे 1967 मध्ये डोनाल्ड सॅरासन यांनी त्याचे नाते कारकांच्या सिद्धांताशी जोडून दाखविले.

कारक म्हणजे काय?

न संपणारी संख्यांची यादी कल्पावी. मात्र तिच्यातील संख्यांच्या वर्गांची बेरीज सांत असावी. त्या बेरजेच्या वर्गमुळाला यादीचा आकार म्हणू. अशा सर्व याद्यांचे मिळून एक अनंतमितीय अवकाश बनते. त्यास हिल्बर्ट अवकाश म्हणतात. एक यादी घेऊन दुसरी यादी देणारा रेषीय नियम म्हणजे कारक. तो कोणत्याही यादीचा आकार एका ठरावीक पटीपेक्षा अधिक वाढवीत नाही. ही पट म्हणजे कारकाचे मान होय. ज्या कारकसमूहात बेरीज व गुणाकार केल्यावरही आपण समूहातच राहतो, ते कारकांचे बीजगणित.

आता प्रश्न असा : क्ष आणि य या दोन याद्या दिल्या असता, क्ष ला य मध्ये बदलणारा कारक नेमून दिलेल्या बीजगणितात सापडेल काय?

रिचर्ड कॅडिसन यांनी 1957 मध्ये एका महत्त्वाच्या वर्गासाठी याचे होकारार्थी उत्तर दिले. बीजगणित सी-स्टार प्रकारचे असेल, म्हणजे त्यात प्रत्येक कारकाचा जोडीदार कारकही असेल व ते मानाच्या दृष्टीने बंदिस्त असेल, आणि अवकाशाचा कोणताही खरा बंदिस्त उपावकाश ते स्वतःपुरता अडवून ठेवीत नसेल, तर कितीही सांत संख्येच्या, रेषीय दृष्ट्या स्वतंत्र याद्यांना हव्या त्या याद्यांकडे नेणारा कारक त्यात असतोच.

काळाची शिस्त

परंतु व्यवहारात पुष्कळ नियम एकाच दिशेने चालतात. विहिरीच्या आजच्या पातळीवर आजचा व पूर्वीचा पाऊस परिणाम करतो; उद्याचा पाऊस करू शकत नाही. अशा कार्यकारणाच्या शिस्तीचे बीजगणित म्हणजे जे. आर. रिंगरोझ यांनी 1965 मध्ये मांडलेली 'नेस्ट' बीजगणिते होत. एकात एक बसणाऱ्या डब्यांप्रमाणे येथे उपावकाशांची साखळी असते आणि कारकाला ती मोडता येत नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आजचा दिवस पहिला, कालचा दुसरा, याप्रमाणे मागे मोजत जावे. कारणाची यादी 1, 1/2, 1/4, 1/8 अशी आणि परिणामाची यादी 1, 1/2, 1/3, 1/4 अशी आहे. दोन्ही याद्यांच्या एकूण आकारांची तुलना केली, तर परिणाम कारणाच्या अवघा 1.11 पट भरतो. शिस्तीची अट नसती, तर तेवढ्याच मानाचा कारक मिळाला असता.

आता शिस्त लावू. नोंद फक्त 11 दिवसांची आहे असे समजा. सर्वांत जुन्या दिवशी कारण 1/1024 आणि परिणाम 1/11. त्या दिवसासाठी त्याआधीचे दुसरे कारणच उपलब्ध नाही. म्हणून नियमाला किमान 93 पट वाढ करावी लागेल. नोंद 21 दिवसांची केली, तर हीच पट 49 हजारांहून अधिक होते. प्रत्येक सांत नोंदीला जुळणारा नियम सापडतो. पण नोंद लांबविली की त्याचे मान वाढतच जाते. अनंत भूतकाळासाठी तो मुळी अस्तित्वातच नाही. सांत आणि अनंत यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

ई. सी. लान्स यांनी 1969 मध्ये याचा नेमका निकष सिद्ध केला. कोणत्याही दिवशी रेघ मारावी. त्या दिवसाचा व त्यापूर्वीचा परिणाम तेवढ्याच काळातील कारणाच्या ठरावीक पटीहून मोठा नसावा, आणि ही पट सर्व रेघांसाठी एकच असावी. अट आवश्यक आहे हे सहज दिसते. ती पुरेशीही आहे, आणि मिळणाऱ्या कारकाचे मान त्या पटीहून अधिक असावे लागत नाही, हा या प्रमेयाचा खरा विशेष.

शिक्षकांसाठी एक सूचना

हे विषय शालेय अभ्यासक्रमात येणार नाहीत, हे उघड आहे. त्यांतील विचार मात्र वर्गात नेता येतो. विद्यार्थ्याचे उत्तर जुळले, एवढ्यावर आपण समाधान मानतो. ते कोणत्या नियमाने जुळले आणि तो नियम प्रत्येक पायरीवर टिकतो काय, हेही विचारणे अगत्याचे आहे. नोंदवह्या व हिशेब तपासणाऱ्यांनाही हा विचार परका वाटू नये. वर्षअखेरची बेरीज ताळ्यात असली, तरी मधल्या प्रत्येक टप्प्यावर खर्च उपलब्ध रकमेच्या मर्यादेत होता काय, ही तपासणी वेगळीच असते. एकूण बेरीज जे झाकते, ते टप्प्याटप्प्याची तपासणी उघड करते. अनंतमितीय अवकाशातील या प्रमेयाचा आपल्यापुरता बोध एवढाच आहे.