तांबी, गोळी की आणखी काही? पळणाऱ्या मुलींसाठी

आजचा विषय आहे गर्भनिरोधकं. आणि तीही कुणासाठी, तर आठवड्याला पन्नास-साठ किलोमीटर पळणाऱ्या, लांब सायकल चालवणाऱ्या, घाट चढणाऱ्या मुलींसाठी. बसमध्ये ऐकत असाल तर इअरफोन नीट लागलेत ना, ते बघून घ्या. आणि मुलांनो, तुम्हीही थांबा. हा प्रश्न एकट्या बायकोचा नसतो.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहिते आणि पहाटे पळते. लग्नाला दोन वर्षं झाली. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन, सप्टेंबरमध्ये साताऱ्याची हिल हाफ, आणि पुढे कधीतरी दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स, असं डोक्यात आहे. मूल इतक्यात नको, हे आम्ही दोघांनी बोलून ठरवलंय. मग वापरायचं काय, हे ठरवायला मला चार महिने लागले. कारण मिळणारी बहुतेक माहिती एका सरासरी बाईला धरून लिहिलेली असते. यवतेश्वरचा घाट पळत चढणारी बाई त्यात नसतेच.

तिचा प्रश्न थोडा वेगळा का, ते आधी बघू.

आपण जेवढं खातो त्यातून व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा करा. जे उरतं त्यावर बाकीचं शरीर चालतं. हृदय, मेंदू, हाडं, सगळंच. हे उरलेलं फार कमी पडायला लागलं की मेंदू काटकसर सुरू करतो. आणि मूल जन्माला घालण्याची यंत्रणा तो लवकर बंद करतो, कारण जिवंत राहायला ती लागत नाही. पाळी लांबते, मग थांबते. इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं विरळ व्हायला लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला 'रेड-एस' असं नाव दिलं, आणि २०२३ मध्ये त्यावरची भूमिका पुन्हा अद्ययावत केली.

आकड्यात सांगते. चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ३० कॅलरी, ही ढोबळ धोक्याची रेषा मानतात. ४५ असतील तर बरं. समजा एखादीचं वजन ५५ किलो आहे आणि चरबी सोडून ४२. ती रविवारी २० किलोमीटर पळली, म्हणजे साधारण ११०० कॅलरी गेल्या. तर त्या दिवशी तिला नुसत्या धोक्याच्या रेषेवर राहायला २३६० लागतात, आणि नीट राहायला जवळपास ३०००. एक प्लेट पोहे आणि डब्यातल्या दोन चपात्यांवर हे गणित बसत नाही हो.

म्हणजे पळणाऱ्या मुलीसाठी पाळी हा एक मीटर आहे. पेट्रोल संपत आल्याचा दिवा म्हणा. आता माझा मुद्दा. बरीच गर्भनिरोधकं या मीटरवर पडदा टाकतात. टाकू देत, हरकत नाही. पण कोणता पडदा टाकतोय, हे आपल्याला माहीत हवं.

गोळीपासून सुरू करू. माला-एन किंवा माला-डीचं पाकीट बघितलंय? २८ गोळ्या असतात. २१ हार्मोनच्या आणि ७ तपकिरी, लोहाच्या. त्या सात दिवसांत जो रक्तस्राव होतो ती खरी पाळी नसते. हार्मोन मिळणं थांबलं म्हणून आलेलं ते रक्त असतं. तुम्ही उपाशी पळा नाहीतर पोटभर खाऊन पळा, ते साधारण वेळेवर येणारच.

माझी एक पळण्यातली मैत्रीण आहे. तिची परवानगी घेऊन सांगते. कॉलेजात असताना तिची पाळी तीन-तीन महिने यायची नाही. "रेग्युलर करायला" म्हणून तिला गोळी लिहून मिळाली आणि ती चार वर्षं चालू राहिली. दर महिन्याला रक्त दिसत होतं, त्यामुळे घरचे निवांत. मग नडगीत स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. क्रीडावैद्यक डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी सुरू करायच्या आधी पाळी कशी होती?" हाडांची घनता तपासली तर कण्यात कमी निघाली. आमच्या भाषेत सांगायचं तर अलर्ट म्यूट केला होता, सर्व्हर मात्र तसाच तापत होता. फक्त पाळी परत आणायला किंवा हाडं सुधारायला अशा मुलींना गोळी देऊ नये, असं एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या सूचना सांगतात. आधी खाणं वाढवा, व्यायाम कमी करा.

मग गोळी वाईट का? अजिबात नाही. खूप दुखणाऱ्या, जास्त अंगावर जाणाऱ्या मुलींना ती मोठा आधार असते. पळण्याचा वेग तिने फार बदलत नाही. २०२० मध्ये ४२ अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सरासरी फरक नगण्य निघाला, माणसागणिक मात्र वेगवेगळा. रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, पण किती? गोळी न घेणाऱ्या दहा हजार बायकांमध्ये वर्षाला साधारण २ जणींना, आणि प्रकारानुसार गोळी घेणाऱ्यांत ५ ते १२ जणींना. पाय प्लास्टरमध्ये असेल किंवा लांबचा विमानप्रवास असेल तर डॉक्टरांना आठवणीने सांगा. अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकत असतील, तर इस्ट्रोजेनची गोळी आपल्यासाठी नाही. आणि अल्ट्रा पळणाऱ्यांनो, गोळी घेतल्यावर तीनेक तासांत उलटी झाली तर ती गोळी गेली असं समजा.

आता बाकीचे पर्याय.

अंतरा, म्हणजे तीन महिन्यांचं इंजेक्शन. सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं, रोज लक्षात ठेवायची कटकट नाही. पण त्याने हाडांची घनता कमी होते. आपल्याला आधीच हाडांची काळजी, म्हणून मी ते यादीतून काढलं.

छाया. ही लखनौच्या सीडीआरआय संस्थेत शोधलेली बिनहार्मोनची गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. पण तिने काहींची पाळी लांबते. म्हणजे ऊर्जा कमी पडतेय की गोळीमुळे उशीर होतोय, हे कळणं अवघड.

तांबी. हार्मोन नाही, पाळी आपली आपल्याला दिसते. ३८०-ए दहा वर्षं चालते, आणि वर्षभरात शंभरात एखादीलाही दिवस राहत नाहीत. मीटर उघडा ठेवायचा असेल तर यासारखं काही नाही. अडचण एकच, अंगावर जास्त जातं आणि पोटात जास्त दुखतं. आधीच लोह कमी असेल तर दम लागणं वाढतं.

हार्मोनची तांबी, म्हणजे गर्भाशयातच थोडं थोडं हार्मोन सोडणारी. रक्तस्राव खूप कमी होतो, काहींचा थांबतोच. बीजांड बहुतेकींना येत राहतं, पण बाहेरून दिसत काही नाही. महाग आहे.

आणि कंडोम. मीटरला धक्का नाही, आजारांपासून संरक्षण देणारा तर हा एकटाच. पण रोजच्या वापरात वर्षाला शंभरात साधारण १३ जणींना दिवस राहतात. नवऱ्याचा आळस त्यात धरलेला आहे.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, तांबी पहिल्या मुलानंतर बसवतात." एका दवाखान्यातही हेच ऐकलं. असा नियम नाही. मूल न झालेल्या बाईलाही तांबी बसवता येते. दुसऱ्या डॉक्टरांनी तपासून ते नीट समजावलं.

अजून एक. आपल्याकडे गणपती आले, सत्यनारायण आला की पाळी पुढे ढकलायची गोळी घेतात, आणि आता रेसच्या आधीही घेतात. ती नॉरएथिस्टेरॉन. ती गर्भनिरोधक नाही, आणि त्या डोसमध्ये तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेन बनतो. म्हणून मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. पॉला रॅडक्लिफने २००२ मध्ये शिकागोत पोटात कळा येत असताना २ तास १७ मिनिटं १८ सेकंदांचा विश्वविक्रम केला होता. पाळीच्या दिवशी रेस आली म्हणजे सगळं संपलं असं नसतं.

मी काय निवडलं? माझं फेरिटिन १४ होतं, म्हणून साधी तांबी बाद. अर्धशिशीत मला रेषा दिसतात, म्हणून इस्ट्रोजेन बाद. उरली हार्मोनची तांबी. तिने माझा मीटर झाकला जातो, हे मान्य करूनच बसवली. म्हणून बाकीचे मीटर लावले. पहाटेची नाडी, झोप, सारखी थंडी वाजणं, लागोपाठ आजारपण, दर सहा महिन्यांनी फेरिटिन. माझ्या मैत्रिणीने उलट केलं. गोळी बंद केली, खाणं वाढवलं, पाच महिन्यांनी खरी पाळी आली, आणि आता तिने साधी तांबी बसवलीय. तिला तो दिवा रोज डोळ्यांसमोर हवाय. आम्ही दोघी बरोबर आहोत.

जाता जाता कामाच्या गोष्टी. नवीन काहीही रेसच्या तोंडावर सुरू करू नका, शरीराला तीनेक महिने द्या. मेन्स्ट्रुअल कप वापरत असाल तर तांबी बसवताना सांगा. कप ओढून काढताना तांबी सरकू शकते. डॉक्टरांकडे जाताना गेल्या वर्षभराच्या पाळीच्या तारखा आणि आठवड्याचे किलोमीटर, दोन्ही घेऊन जा. आणि तीन महिने पाळी आली नसेल तर, दिवस राहिलेत का ते तपासून, "ही कशामुळे थांबली?" हे आधी विचारा. गोळी त्यानंतर.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, नाव सांगायची गरज नाही. पुढच्या भागात लोह आणि फेरिटिनवर बोलू. तोपर्यंत पळत राहा, आणि पळून आल्यावर पोटभर जेवा!