गिटारीचा कोरस : निवडीविषयी दोन शब्द
(वरवंड येथे गायक-वादक मंडळींपुढे केलेले भाषण)



उपासनेच्या गायनास विद्युत् गिटारीची साथ करणाऱ्या आपल्या तरुणांनी स्टीरिओ कोरस पेडल घेण्याचा विषय काढिला आहे. पैसा वर्गणीचा आहे, व वर्गणी देणारे बहुतेक कष्टकरी आहेत. म्हणून या खरेदीचा विचार सर्वांसमक्ष करणे आम्हांस उचित वाटते.

हे यंत्र करते तरी काय? वीस जण एकच सूर गाऊ लागले, की कोणी किंचित पुढे, कोणी किंचित मागे असावयाचाच. त्या सूक्ष्म भेदानेच समूहगायन भरदार होते. दुहेरी सुरांच्या पेटीत एका सुराची कंपने सेकंदास ४४० व जोडीदाराची ४४२ असली, तर सेकंदास दोन हेलकावे कानी येतात. पेडल हेच कार्य एकट्या गिटारीवर करते. नादाची प्रत ते काही सहस्रांश सेकंद मागे ठेवते, तो विलंब सतत कमी-अधिक करते, आणि ती प्रत मूळ नादास जोडते.

१९७५ साली निघालेल्या रोलंड जेसी-१२० या अँप्लिफायरात एका कर्ण्यातून मूळ नाद व दुसऱ्यातून हेलकावणारा नाद निघतो. दोहोंचा मिलाफ हवेतच होतो. १९७६ साली हीच युक्ती बॉस सीई-१ या पेडलात आली. तात्पर्य, स्टीरिओचा अर्धा गुण पेडलात, तर अर्धा दोन कर्ण्यांत आहे. सभागृहातील दोन्ही कर्णे एकच नाद देत असतील, तर दुसऱ्या वाटेसाठी दिलेले दाम व्यर्थ होय. इतकेच नव्हे, काही पेडलांत दोन वाटांवरील हेलकावे परस्परविरुद्ध असतात. त्या एकत्र केल्या की कोरस जवळजवळ नाहीसा होतो.

म्हणून आमची सूचना अशी : दाम देण्यापूर्वी पेडल येथेच आणून वाजवावे. दोन्ही वाटा एकदा निरनिराळ्या व एकदा एकत्र करून ऐकाव्या. वेग व खोली प्रथम अल्प ठेवावी. एकाने मागच्या बाकावर बसावे, आणि गीताचे शब्द स्पष्ट कळतात की नाही, ते सांगावे. शब्द बुडत असतील, तर ते पेडल कितीही नामांकित असो, आपल्या कामाचे नव्हे; आणि एका वाटेचे स्वस्त पेडल पुरे पडत असेल, तर उरलेल्या पैशांत गायकांसाठी एक चांगला मायक्रोफोन घ्यावा.

साथ ही गाणाऱ्यांसाठी असते, एवढे स्मरण ठेवावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.