जरी, तरी आणि ‘ऑल्दो’



मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजीच्या वह्या तपासताना एक चूक हमखास आढळते: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट द चिल्ड्रन वेन्ट टु स्कूल.’ ‘बट’खाली लाल रेघ उमटते, गुण जातो, आणि घरी वही चाळणाऱ्या पालकांच्या मनात जुनी शंका पुन्हा डोके वर काढते: माध्यम निवडताना काही चुकले तर नाही ना? हीरक महोत्सवाच्या निमित्ताने त्या एका रेघेचा विचार करणे उचित ठरेल.

ते मूल मनाशी म्हणत असते, ‘जरी पाऊस पडत होता, तरी मुले शाळेत गेली.’ मराठीत ‘जरी’ला ‘तरी’ची, ‘जर’ला ‘तर’ची आणि ‘ज्याअर्थी’ला ‘त्याअर्थी’ची सोबत असते. हिंदीत ‘अगर’ला ‘तो’, गुजरातीत ‘जो’ला ‘तो’. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मराठी मुलाच्या कानांवर घरीदारी अशी जोडीच पडते. इंग्रजीला येथे एकच उभयान्वयी अव्यय पुरते: ‘ऑल्दो’ लिहिल्यास ‘बट’ गाळावे, ‘बट’ ठेवल्यास ‘ऑल्दो’. मुलाने नियम मोडलेला नसतो. एका भाषेचा नियम दुसऱ्या भाषेत प्रामाणिकपणे पाळलेला असतो.

दोहोंपैकी कोणते ठेवावे, हा प्रश्न अर्थाचा आहे. ‘बट’ने जोडलेली दोन्ही वाक्ये समान दर्जाची राहतात, ती प्रधानत्वसूचक जोडणी. ‘ऑल्दो’ने सुरू होणारे वाक्य गौण होते आणि भर दुसऱ्यावर पडतो. हा भेद मराठी व्याकरणाच्या तासाला शिकलेला विद्यार्थी इंग्रजीच्या तासाला तो चटकन ओळखतो.

‘अनलेस’ची चूक अधिक घातक असते. ‘तू अभ्यास केला नाहीस, तर उत्तीर्ण होणार नाहीस’ हे वाक्य मूल ‘अनलेस यू डू नॉट स्टडी, यू विल नॉट पास’ असे उतरवते. ‘अनलेस’च्या पोटात ‘नाही’ आधीच दडलेले असते. त्यात आणखी एक ‘नॉट’ मिळताच, अभ्यास केलास तर नापास होशील, असा उलटा अर्थ निघतो!

काही ठिकाणी मराठीला अव्ययाची गरजही भासत नाही. ‘मुले घरी येऊन, हात धुऊन जेवायला बसली’ या वाक्यात ‘ऊन’ प्रत्ययच क्रियांना गुंफतो. इंग्रजीत तेथे सहसा ‘ॲन्ड’ योजावे लागते. उलट ‘आयदर–ऑर’, ‘नायदर–नॉर’, ‘नॉट ओन्ली–बट ऑल्सो’ या इंग्रजीच्या स्वतःच्या जोड्या आहेत. ‘केवळ हुशार नव्हे, तर नम्रही’ असे बोलणाऱ्या मुलाला त्यांतली शेवटची परकी वाटत नाही.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची मांडणी त्यांच्यासमोर होती. एका भाषेच्या आधाराने दुसरी समजून घेण्याची वाट मराठी माणसाला तेव्हापासून परिचित आहे. मराठी माध्यमातील इंग्रजीच्या शिक्षकाने याच वाटेने जावे. केवळ रेघ ओढल्यास मुलाला ‘बट’ चुकला एवढेच कळते आणि पुढच्या वाक्याची धास्ती बसते. रेघेशेजारी ‘जरी–तरी’ लिहिले, की चूक कोठून आली ते कळते. कारण कळलेली चूक मूल पुढे स्वतःच शोधू लागते.

पालकांनी घरीही एवढे करावे. पाल्याचे इंग्रजी वाक्य अडले, तर तेच आधी मराठीत म्हणायला लावावे. त्यातील जोडणारा शब्द शोधावा, आणि इंग्रजीत त्यासाठी एक शब्द लागेल, दोन लागतील की एकही लागणार नाही, हे त्यालाच ठरवू द्यावे. त्यासाठी पालकांना अस्खलित इंग्रजी येण्याची आवश्यकता नाही. घरची मराठी नीट बोलली जावी, एवढे पुरे.