बोटीवर चढताना हमालाला काय द्यावे?



या व्याख्यानमालेत गेल्या चार दिवसांत आपण उपनिषदे ऐकलीत, ज्ञानेश्वरी ऐकलीत आणि काल तर अवकाशातील कृष्णविवरांचेही दर्शन घेतलेत. तेथून एकदम हमालाच्या बक्षिसीवर उतरायचे म्हणजे जिन्याच्या चारपाच पायऱ्या चुकवण्यासारखे आहे. आम्ही चिटणीसांना कामगार कायद्यांवरचा एक भारदस्त विषय कळवला होता. पण त्यांच्या ओसरीवर चहा पिताना बोटीवरच्या हमालाची गोष्ट निघाली आणि ते म्हणाले, "हेच बोला." तेव्हा दोष अर्धा त्यांचा. आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले, हेही आधीच सांगून मोकळे होतो.

2024 च्या जूनमध्ये आम्ही सपत्नीक अमेरिकेत लेकीकडे होतो. लेक आणि जावई सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला नोकरी करतात. त्यांनी आम्हाला अलास्काच्या हिमनद्या दाखवायचे ठरवले. तिकडे या सफरीला क्रूझ म्हणतात. आम्ही आपले बोट म्हणू. बोट कसली, सात मजली चाळी एकापुढे एक लावून पाण्यात सोडल्यासारखी! सॅन फ्रान्सिस्कोच्या 27 नंबरच्या धक्क्यावरून ती सुटते.

तेथली रीत अशी. मोटार धक्क्याच्या दाराशी थांबते. प्रत्येक बॅगेला खोलीचा नंबर छापलेली चिठ्ठी आधीच बांधलेली असते. हमाल येतो, बॅगा उचलतो, जाळीच्या मोठ्या गाड्यावर रचतो. तेथून त्या तपासणीच्या यंत्रातून बोटीच्या पोटात जातात आणि संध्याकाळपर्यंत ज्याच्या त्याच्या खोलीच्या दारात येऊन पडतात. बॅग आपल्या हातून जाते ती तेथे कडेलाच. आणि तेथेच जावयांनी खिशातून एकेक डॉलरच्या नोटांची चळत काढली. "बाबा, नगाला दोन डॉलर. चार नग, आठ डॉलर. नाही दिले तर बॅग धक्क्यावरच राहते म्हणतात."

आठ डॉलर म्हणजे तेव्हाचे साडेसहाशे रुपयांहून अधिक. परंतु आम्हाला रक्कम खटकली नाही, ते शेवटचे वाक्य खटकले. मराठीत पैसे देण्याला किती नेमके शब्द आहेत पाहा. कामाचा ठरलेला मोबदला ती मजुरी. काम आवडले म्हणून वर दिले ती बक्षिसी. दिवाळीला घरी येणाऱ्या पोस्टमनला देतो ते पोस्त. आणि न दिल्यास आपले काम अडेल या धास्तीने देतो ती काय, हे या सभागृहात सांगण्याची आवश्यकता नाही. जावई सज्जन आहेत. पण त्यांच्या हातातल्या नोटा यांपैकी कोणत्या खात्यात जमा करायच्या, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. बॅग मागे राहण्याची ती भीती ऐकीव होती. हमालाला आपली बॅग मागे ठेवून काय मिळणार? बोटीवर गेल्याखेरीज ती त्याच्या अंगावरून उतरत नाही.

आता तो हमाल कोण, ते सांगतो. तो आगबोट कंपनीचा नोकर नव्हे. अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर प्रवाशांचे सामान गोदी कामगार हाताळतात, आणि ते गोदी कामगारांच्या युनियनचे सभासद असतात. आम्ही मान वर करून इमारतीवरचे नाव वाचले आणि आमचे आम्हालाच हसू आले. आमच्याकडे अशा इमारतींना मंत्र्यांची नावे असतात. 2014 साली उघडलेल्या या बोटीच्या धक्क्याला जेम्स हर्मन यांचे नाव आहे, आणि हे हर्मन म्हणजे 1977 पासून 1991 पर्यंत त्याच गोदी कामगार युनियनचे अध्यक्ष!

ते नाव फुकट लागलेले नाही. 1934 पूर्वी त्या किनाऱ्यावर माणसे पहाटे धक्क्याच्या दाराशी उभी राहत आणि मुकादम बोट दाखवून निवडी. ज्याने मुकादमाचा हात ओला केला त्याला काम, बाकीचे घरी. मुंबईच्या गोदीत टोळीवाल्याचे राज्य होते ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना अधिक सांगायला नको. 9 मे 1934 ला संप सुरू झाला. 5 जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, त्यानंतर सारे शहर बंद पडले, आणि त्याच वर्षी लवादाने असे ठरवले की काम वाटणारी कचेरी मालक आणि युनियन मिळून चालवतील, पाळी सांगणारा माणूस मात्र युनियनचा असेल. आपल्याकडे 1948 चा गोदी कामगारांचा कायदा आणि पुढे 1969 चा माथाडी कायदा आला, त्यामागेही हाच विचार आहे: माणसाची पाळी आणि त्याचा दर मुकादमाच्या लहरीवर ठेवायचा नाही. आज त्या किनाऱ्यावर 2023 साली मंजूर झालेला करार चालू आहे आणि तो 2028 पर्यंतचा आहे. पूर्ण अनुभवी गोदी कामगाराचा मूळ दर त्यात तासाला 50 डॉलरांच्या वर आहे. नवख्याला कमी मिळते, काम रोज मिळतेच असे नाही. तरी दर हा दर आहे, आणि तो कागदावर आहे.

मग त्याला वर दोन डॉलर कशाला? हा प्रश्न आम्हाला पडला, तसा आपल्यालाही पडला असेल. पण याच देशात दुसऱ्या हमालांचे काय झाले, ते आधी ऐका.

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर पुलमन नावाच्या कारखानदाराने आगगाडीचे झोपण्याचे डबे चालवायला घेतले आणि त्यांवर चाकर म्हणून नुकतेच गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक नेमले. पगार तुटपुंजा, बाकीचे प्रवाशांनी द्यावे. प्रवासी त्या प्रत्येकाला 'जॉर्ज' म्हणून हाक मारीत, कारण मालकाचे नाव जॉर्ज पुलमन होते. बापाने ठेवलेले नावही बक्षिसीच्या बदल्यात जाई! 1925 साली फिलिप रँडॉल्फ यांनी या लोकांची युनियन काढली. 1927 साली युनियनने सरकारच्या वाहतूक आयोगाकडे तक्रार केली, की बक्षिसी मिळेल असे सांगून कंपनीने माणसे नेमू नयेत. आयोगाने हे आमच्या कक्षेत येत नाही म्हणून 1928 मध्ये ती काढून टाकली. शेवटी 1937 साली कंपनीने करारावर सही केली. महिन्याचे 400 तास होते ते 240 वर आले, पगार वाढले. बारा वर्षे लागली.

त्याहून चमत्कारिक कथा स्टेशनावरच्या हमालांची. त्यांची टोपी लाल, आपल्याकडे सदरा लाल. रंग हमालाच्या पाठीस लागलेलाच आहे. 1938 साली तेथे किमान वेतनाचा कायदा आला, आरंभी तासाला 25 सेंट. स्टेशन चालवणाऱ्या कंपन्यांनी हमालांना सांगितले, की दिवसभराची बक्षिसी रोज लिहून द्या; ती किमान वेतनाला कमी पडली तर फरक आम्ही भरू. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल स्टेशनाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि 1942 साली न्यायालयाने कंपनीची रीत ग्राह्य धरली. याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. गृहस्थ गाडीतून उतरला, त्याने हमालाच्या तळहातावर नाणे ठेवले, हमालाने सलाम केला. किमान वेतनाची रेघ गाठेपर्यंत ते नाणे कंपनीला पोचले! सलाम मात्र हमालाने केला. आजही अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात किमान वेतन तासाला 7.25 डॉलर असता, बक्षिसीवर जगणाऱ्या नोकराला मालकाने रोख 2.13 डॉलर दिले तरी चालते, बाकीचे गिऱ्हाइकाच्या खिशातून आले म्हणजे झाले. कॅलिफोर्निया राज्यात ही सवलत मालकाला नाही. म्हणजे आमच्या धक्क्यावर तो प्रश्न नव्हता.

हे सारे आम्ही वाचनालयात वाचले, पण त्याच्या आधी ते घरात शिकलो होतो, आणि चुकून शिकलो होतो. ती चूक येथे सांगणे भाग आहे.

आमचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, एका मोठ्या स्टेशनावर परवान्याचे हमाल. दंडावर पितळी बिल्ला. परवान्याच्या हमालाला पगार नसतो. दराची पाटी असते आणि वर उतारूची मर्जी. 1996 साली आम्ही अठ्ठावीस वर्षांचे, संघटनेचे नवे चिटणीस, डोक्यात पुस्तके ताजी. आम्ही ठराव मांडला, की पाटीवरच्या दरापेक्षा एक पैसा वर मागायचा नाही आणि दिला तरी घ्यायचा नाही; हमाल हा भिकारी नव्हे. टाळ्या पडल्या. एका वर्तमानपत्राने चौकटीत कौतुकही छापले. आबा सभेत मागे बसले होते. ते काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ठराव पाळला, कारण चिटणीस त्यांचा मुलगा होता.

तिसऱ्या आठवड्यात वाण्याने उधारी बंद केली. आबांची कमाई जवळजवळ निम्म्यावर आली होती. ती भरून काढायला ते रात्रीच्या गाड्याही घेऊ लागले आणि त्यांचा उजवा गुडघा कायमचा गेला. एका रात्री आम्ही त्यांना घासलेट चोळत होतो, तेव्हा ते म्हणाले, "आरं, पाटीवर एका फेरीचा दर लिवलाय. म्या म्हातारीला हाताला धरून डब्यात बशीवतो, त्ये पाटीवर लिवलंय का? मानूस त्ये बगतो आन् वर देतो. ती काय भीक हाय व्हय? आदी पाटी बदल, मग माजा हात धर."

सहाव्या आठवड्यात ठराव आपोआप मेला. पाटीवरचा दर वाढवून घ्यायला पुढे दीड वर्ष गेले. आबांशी आमचे बोलणे मात्र त्याआधीच, त्यांच्या दवाखान्याच्या निमित्ताने, पुन्हा सुरू झाले. ते 2009 साली गेले. गुडघ्याबद्दल त्यांनी आम्हाला कधी ऐकवले नाही. ऐकवले असते तर बरे झाले असते.

तर 27 नंबरच्या धक्क्यावर उभे राहून आम्ही हिशेब करीत होतो. येथे पाटी बदललेली आहे. माणसे मेली, संप झाले आणि पाटी बदलली. येथे हात धरायला हरकत नाही. आणि समोर जावई नोटा मोजीत होते.

आता थोडे व्यवहाराचे बोलू, कारण आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे आहेत आणि उद्या आपणही त्या कडेला उभे राहाल. धक्क्यावरच्या हमालाला नगाला एकदोन डॉलर देण्याची तिकडे चाल आहे, सक्ती नाही. द्यायचे तर सुटे एकेकचे बरोबर ठेवा आणि ज्याने बॅग उचलली त्याच्या हातात द्या. भीतीने देऊ नका. न देणाऱ्याने ओशाळण्याचेही कारण नाही. परंतु धक्का संपून बोट सुरू झाली की न्याय बदलतो. बोटीवर बहुधा बहामा, बर्म्युडा अशा कुठल्या तरी देशाचे निशाण असते. किनाऱ्यावरचा करार शिडीपाशीच थांबतो. खोल्या झाडणारी, ताटे वाढणारी, बॅगा दारात आणून टाकणारी पोरे फिलिपाईन्सची, इंडोनेशियाची, आणि आपल्या गोव्याचीही असतात. गोव्यात अशा नोकरीवरच्या माणसाला तारवटी म्हणतात. त्यांच्यासाठी माणशी दर दिवसाला काही डॉलर प्रवाशाच्या खात्यावर आपोआप लावले जातात. यात धक्क्यावरच्या हमालाचा वाटा नसतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. आपल्यातली काही हुशार मंडळी दुसऱ्याच दिवशी खिडकीवर जाऊन ही रक्कम कमी करून घेतात आणि जेवणाच्या टेबलावर ते सांगतातही. आम्ही असे एक गृहस्थ पाहिले, मराठीच होते. त्यांनी धक्क्यावर हमालाला मात्र पाच डॉलर दिले होते, आपली बॅग राहू नये म्हणून.

आमचे काय झाले? आमच्या सौभाग्यवतींना रक्तदाबाच्या गोळ्या लागतात. हमालाने बॅग उचलता उचलता विचारले, "औषधे आत नाहीत ना? बॅगा संध्याकाळी मिळतात." गोळ्या आतच होत्या, आणि त्याही तळाशी. त्याने बॅग पुन्हा खाली ठेवली. मागे मोटारी वाजू लागल्या. पातळे निघाली, चिवड्याचा डबा निघाला, लेकीने दिलेले लोकरीचे कपडे निघाले. तो पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा माणूस बॅगेचे झाकण गुडघ्याने टेकवून धरून उभा होता आणि मागच्या गाडीवाल्याला हाताने थांब म्हणत होता. गोळ्या सापडल्या. चेन त्यानेच ओढली. ती अर्ध्यात अडकली, तेव्हा त्याने वरून दोरी बांधली.

आम्ही जावयांच्या हातून आठही नोटा घेतल्या आणि त्याला दिल्या. त्याने न मोजता घडी करून खिशात घातल्या आणि मागच्या मोटारीकडे वळला. जावई हसून म्हणाले, "बाबा, तासाला पन्नास डॉलर!" सौभाग्यवती गोळी घेत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत.

रात्री आठच्या सुमारास दार उघडले तर चारही बॅगा बाहेर ओळीने उभ्या होत्या, दोरीची बॅग शेवटी. कोणी आणून ठेवल्या ते दिसले नाही.