चूक त्यांची, भुर्दंड आपल्याला

आमच्या भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात जुनी माणसे साल सांगताना दोनच आकडे सांगतात. 'एकसष्टचा पूर' म्हटले की पानशेत आठवते. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हटले की खडी फोडण्याची कामे आणि सुकडी आठवते. एकोणीसशे म्हणावे लागत नाही, कारण ऐकणाऱ्याला शतक ठाऊक असते. संगणकाला मात्र ते सांगावे लागते. ते सांगायचे राहिले आणि जगभर 'वाय टू के' नावाची धावपळ उडाली.

१९६० च्या दशकात संगणकाची स्मृती फार महाग होती. माहिती भरण्याच्या कार्डावर ८० अक्षरांचीच जागा असे. म्हणून १९६५ ऐवजी नुसते ६५ लिहायची पद्धत पडली. २००० साल येईपर्यंत या प्रणाली मोडीत निघालेल्या असतील, असे ती लिहिणाऱ्यांनी गृहीत धरले होते. त्या निघाल्या नाहीत. ९९ नंतर ०० आले की यंत्र त्याला १९०० समजणार होते. मग कर्जाचे व्याज, माणसाचे वय, औषधाची मुदत, सगळेच उलटे होणार होते.

चूक यंत्राची नव्हती, ते बनवून विकणाऱ्यांची होती. 'आम्ही तेव्हा तुमचेच पैसे वाचवले', असे त्यांचे म्हणणे. साठ-सत्तरच्या दशकापुरते ते खरेही होते. पण स्मृती स्वस्त झाल्यावर, नव्वदीतही तोच दोष असलेला माल विकला जात होता. त्या काळात आमच्या भागातल्या एका लहान पतसंस्थेने पुरवठादाराकडे चौकशी केली, तेव्हा उत्तर आले, "जुन्यात दुरुस्ती होत नाही, नवीन घ्या." संस्थेने सभासदांच्या पैशातून नवीन घेतले. विकणाऱ्याने एकाच चुकीचे दोनदा पैसे घेतले आणि कोणी त्याला जाब विचारला नाही.

अमेरिकेत मात्र एका किराणा दुकानदाराने तो विचारला. मिशिगन राज्यातल्या 'प्रोड्यूस पॅलेस' या दुकानात पैसे घेण्याची नवी यंत्रे बसवली होती. गिऱ्हाइकाच्या क्रेडिट कार्डावर २००० साली संपणारी मुदत दिसली की ती यंत्रे बंद पडत आणि रांगा खोळंबत. १९९७ मध्ये दुकानदार कोर्टात गेला. या दोषावरचा हा पहिला दावा मानला जातो. १९९८ मध्ये अडीच लाख डॉलरवर तडजोड झाली.

दाव्यांचा पूर येईल म्हणून उद्योगांनी धाव घेतली आणि जुलै १९९९ मध्ये अमेरिकेने खास कायदा केला. आधी नोटीस द्या, पुरवठादाराला ९० दिवसांपर्यंत दुरुस्तीची संधी द्या, मग कोर्टात या, असा त्याचा रोख होता. भांडण्यापेक्षा दुरुस्ती व्हावी हे ठीकच. पण त्यामुळे मोठ्या कंपन्यांनाही छत्री मिळाली.

आपल्याकडे या संकटाची चांगली बाजूच जास्त सांगितली जाते. पुण्या-मुंबईच्या कितीतरी तरुणांनी कोबोल भाषेतल्या जुन्या प्रणाली ओळ न् ओळ वाचून दुरुस्त केल्या. भारतीय संगणक उद्योगाचे नाव त्यातून जगभर झाले, याचा अभिमान आहेच. पण दुसऱ्याच्या घराची गळती काढताना आपल्या घराचे कौल कोणी फोडले, हे विचारायचे राहून गेले.

३१ डिसेंबर १९९९ ला शुक्रवार होता. रमजान चालू होता. लोक तरावीहची नमाज आटोपून घरी आले तेव्हा टीव्हीवर कंदाहारहून सुटलेल्या प्रवाशांच्या बातम्या होत्या. बारा वाजून गेले. दिवे गेले नाहीत, विमाने पडली नाहीत. सकाळी लोक हसले, डोंगर पोखरून उंदीर निघाला म्हणाले.

पण डोंगर पोखरला म्हणूनच तो कोसळला नाही. जिथे कसर राहिली तिथे काय झाले, ते इंग्लंडमधल्या शेफील्डला दिसले. तिथल्या रुग्णालयात गर्भातल्या बाळाला डाउन सिंड्रोमचा धोका किती, हे संगणक आईच्या वयावरून काढत असे. २००० च्या पहिल्या काही महिन्यांत तो वय चुकीचे धरत राहिला. १५४ गर्भवतींना, धोका जास्त असताना, तो कमी असल्याचे सांगितले गेले.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा पाणी पुण्याच्या घराघरांत शिरले, म्हणून चौकशी आयोग नेमावा लागला. १ जानेवारी २००० ला आपल्याकडे काही फुटले नाही, म्हणून चौकशीही झाली नाही. ज्यांनी भुर्दंड भरला, ते हात झाडून कामाला लागले.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार, गिऱ्हाइकाने वस्तू कशासाठी हवी ते सांगितले आणि विकणाऱ्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली, तर ती सहसा त्या कामाला योग्य असावी लागते. तयार सॉफ्टवेअर हा 'माल'च आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये विक्रीकराच्या खटल्यात सांगितले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाच्या भरपाईचे स्वतंत्र प्रकरण आले. पण धंद्यासाठी केलेली खरेदी त्या कायद्यात साधारणपणे बसत नाही. म्हणजे दूध संस्था, पतसंस्था यांनी करारातच काळजी घेतलेली बरी.

कारण ही गोष्ट संपलेली नाही. १ जानेवारी २०१० ला जर्मनीत सुमारे ३ कोटी बँक कार्डांना नवे साल ओळखता येईना. तिथे कार्डे बनवणाऱ्या जेमाल्टो कंपनीने चूक मान्य केली, म्हणून दुरुस्तीला वाट सापडली. आता पुढची तारीखही ठरलेली आहे. अनेक जुनी यंत्रे १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात. १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले की त्यांची मोजणी भरेल आणि पुढच्याच सेकंदाला ती १९०१ सालात जाऊन पडतील. नव्या संगणकांत बहुतेक ठिकाणी हा दोष काढला आहे. पण भिंतीतल्या मीटरमध्ये, पंपाच्या पेटीत, दवाखान्यातल्या यंत्रात बसवलेली चिप वीस-वीस वर्षे कोणी उघडून बघत नाही. अशी यंत्रे आजच विकत घेतली जात आहेत.

म्हणून खरेदी करतानाच तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात. हे यंत्र २०३८ नंतर चालेल का? दोष निघाला तर दुरुस्ती कोण, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने करील? आणि कंपनी बंद पडली तर आमच्या नोंदी आम्हाला कशा मिळतील? ग्रामपंचायतीने आणि दूध संस्थेने हे ठरावात लिहावे.

बाजारात वाण्याच्या तराजूवर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. पावशेराला जो न्याय, तोच आपल्या ठेवींचा, दुधाचा आणि तब्येतीचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्राला का नसावा? विकणाऱ्याने सही करायला का-कू केली, तर यंत्र दुकानातच राहू द्यावे.