घराची डागडुजी आणि घरांतलीं माणसें

भिंतींवर उष्णतारोधक अस्तर चढविलें, खिडक्यांना दुहेरी कांचा बसविल्या, कीं इंधन वांचलेंच, असा हिशेब जर्मनींत मांडला जातो. पण श्रोतेहो, घरांत माणसें राहतात! २०१२ सालीं सुनिक्का-ब्लँक व गॅल्विन या केंब्रिजच्या संशोधकांनीं सुमारें ३४०० जर्मन घरांचे आंकडे पाहिले, तेव्हां कुटुंबें कागदी अंदाजाहून सरासरी ३० टक्के कमीच इंधन जाळतांना आढळलीं. घर जितकें गारठ्याचें, तितकी तफावत मोठी. एकच खोली तापवावी, बाकीच्यांचीं दारें लावावीं, ही गृहिणीची काटकसर हिशेबांत धरलीच नव्हती. जें जळतच नव्हतें, तें वांचणार कोठून? घरमालकास मात्र २०१९ पासून अशा खर्चाचे ८ टक्के, ठराविक मर्यादेंत, वार्षिक भाड्यांत चढवितां येतात. एका खोलींत हिंवाळा काढणाऱ्या म्हातारीला भाडें वाढलेलें दिसतें. इंधनाचें बिल फारसें उतरत नाहीं.